विजेच्या जोडणीविना ट्रेलरमधला टीव्ही : सात महिन्यांच्या वापरानंतर

आम्ही फीनिक्सला राहतो आणि ऑक्टोबर ते एप्रिल या काळात, ऊन सुसह्य असताना, 19 फुटी ट्रेलर (गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर) घेऊन ॲरिझोनातल्या सरकारी मोकळ्या जमिनीवर मुक्कामाला जातो. तिथे विजेची जोडणी नसते. यंदा साताऱ्याहून आलेले आई-बाबा सोबत होते. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळल्यावर त्यांना थंडीत बाहेर बसवत नसे, त्यामुळे टीव्हीची सोय करणे भागच होते.

सुरुवातीला घरातलाच 32 इंची टीव्ही 1000 वॉटच्या इन्व्हर्टरवर लावला. टीव्ही जेमतेम 40 वॉट घेत होता, पण बॅटरीच्या तारेवर मीटर लावून पाहिले तेव्हा 58 वॉट जात होते. वरचे 18 वॉट 12 व्होल्टचे 120 व्होल्ट करण्यात आणि इन्व्हर्टरचा पंखा फिरवण्यात खर्च होत होते, आणि टीव्ही बंद करून इन्व्हर्टर तसाच ठेवला तरी त्यातले बरेचसे चालूच राहत. ट्रेलरसोबत आलेली शिसे-आम्लाची बॅटरी साधारण 78 अँपिअर-तासांची होती. अँपिअर-तासांना 12 व्होल्टने गुणले की वॉट-तास मिळतात, म्हणजे एकूण सुमारे 940. तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मीच वापरावी, म्हणजे हाती सुमारे 470 वॉट-तास. चार तासांच्या टीव्हीला त्यातले 230 लागत.

खरा घोळ रात्री होत असे. हीटर गॅसवर चालत असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर चालतो आणि सुमारे साडेसात अँपिअर ओढतो. रात्रभरात तो तीन-साडेतीन तास फिरला तरी 300 वॉट-तास जातात. पहाटे हीटर बंद पडला की आम्ही टीव्हीला दोष देत होतो. वास्तविक सर्वांत मोठा वाटा हीटरचा होता. म्हणून कोणतीही खरेदी करण्याआधी एका रात्रीचा हिशेब वॉट-तासांत मांडून पाहावा, असे मी आवर्जून सांगेन.

नोव्हेंबरात 12 व्होल्टवर थेट चालणारा 24 इंची टीव्ही घेतला. तो अँटेनाचा सिग्नल वाढवणाऱ्या बूस्टरसह 27 वॉट घेतो, म्हणजे चार तासांना 108 वॉट-तास, जुन्या खर्चाच्या निम्म्याहूनही कमी. इथे एक खबरदारी आवश्यक आहे. पुष्कळ छोट्या घरगुती टीव्हींच्या ॲडॉप्टरवर 12 व्होल्ट लिहिलेले असते, म्हणून लोक ते थेट बॅटरीला जोडतात. परंतु चार्जिंगच्या वेळी बॅटरीचा दाब 14.4 व्होल्टपर्यंत चढतो आणि तो सोसण्याची हमी त्या टीव्हीला नसते. 11 ते 15 व्होल्ट चालतील असे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलाच टीव्ही घ्यावा, नाहीतर मध्ये दाब स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर बसवावा.

तरीही पहिल्या आठवड्यात एक विचित्र प्रकार घडत होता. हीटरची 'टक्' ऐकू आली की क्षणात पडदा काळा होई आणि टीव्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. शोध घेतला तेव्हा दोष वायरीत निघाला. टीव्ही ज्यात लावला होता त्या लाइटरच्या (गाडीत असते तशा 12 व्होल्टच्या) सॉकेटपर्यंत बारीक वायर होती आणि पंखा सुरू होताच तिथला दाब 11 व्होल्टच्या खाली जात होता. फ्यूजच्या डब्यापासून 10 गेजची, म्हणजे जाड, स्वतंत्र वायर 5 अँपिअरच्या फ्यूजसह ओढल्यापासून टीव्ही एकदाही बंद पडलेला नाही.

जानेवारीत 100 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली. तिचे 1280 वॉट-तास जवळपास सगळे वापरता येतात. सोबत 200 वॉटचे घडीचे सौर पॅनेल आहे. हिवाळ्यात भर दुपारीही इथे सूर्य क्षितिजापासून 33 ते 40 अंशांवरच असतो, त्यामुळे पॅनेल आडवे न ठेवता दक्षिणेकडे तिरके उभे करावे लागते. तसे केले की निरभ्र दिवशी 600 वॉट-तासांच्या वर मिळतात आणि आदल्या रात्रीचा सगळा खर्च भरून निघतो. मात्र ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही. ॲरिझोनाच्या उत्तर भागातल्या फ्लॅगस्टाफजवळ, सुमारे 2100 मीटर उंचीवर, मार्चमधल्या एका सकाळी लख्ख ऊन असूनही तिने दहा वाजेपर्यंत चार्ज घेतला नाही. तेव्हापासून ती बाहेरच्या पेटीतून काढून पलंगाखाली ठेवली आहे.

चित्र उत्तम आहे, पण आवाज क्षीण आहे आणि हीटर चालू असताना बाबांना संवाद कळत नाहीत. सध्या दिवसा चार्ज केलेला छोटा स्पीकर त्यांच्या उशाशी ठेवतो.