सोलापुरातून कॅरियोटाइपचा नमुना पाठवताना: एका कलेक्शन सेंटरचं परीक्षण

पुरुष वंध्यत्वाच्या जनुकीय कारणांवर पीएचडी करणारे विद्यार्थी आणि वीर्यात शुक्राणूच नाहीत असा रिपोर्ट मिळालेली जोडपी, दोघांचाही नमुना बहुतेक वेळा कुठल्या तरी खासगी लॅबच्या कलेक्शन सेंटरमधूनच बाहेर जातो. रक्त सोलापुरात काढतात, पेशी वाढवायच्या अडीचशे किलोमीटरवर पुण्यात. शहरातल्या अशा एका सेंटरच्या सेवेबद्दल हे लिहितोय. हार्मोनसाठी आणि वाय-मायक्रोडिलीशनसाठी, म्हणजे वाय गुणसूत्राचा बारीक तुकडा गळालाय का ते पाहायला, तिथे जरूर जा. कॅरियोटाइपसाठी, म्हणजे गुणसूत्रांची संख्या आणि रचना तपासायला, वार आणि ऋतू पाहूनच जा.

कॅरियोटाइपला जिवंत पेशी लागतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना पीएचए हे विभाजनाला चालना देणारं द्रव्य देऊन ३७ अंशांवर ७२ तास वाढवायचं (हेच कल्चर), कोल्चिसिनने विभाजन मध्येच थांबवायचं, मग पोटॅशियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणात फुगवून मिथेनॉल आणि ॲसिटिक ॲसिडच्या ३:१ मिश्रणात स्थिर करायचं. वाटेत पेशी मेल्या तर यातलं पुढचं काहीच होत नाही. म्हणून ३ ते ५ मिली रक्त सोडियम हेपारिन या गुठळीरोधकाच्या हिरव्या टोपणाच्या नळीतच हवं. लिथियम हेपारिनचं टोपणही हिरवंच असतं आणि ते कल्चरला मारक ठरू शकतं, तेव्हा लेबल वाचून घ्या. जांभळ्या टोपणाची ईडीटीए (दुसरं गुठळीरोधक) नळीही इथे चालत नाही. रक्त भरल्यावर नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची. एवढ्यात कंटाळा केला की गुठळी होते.

या सेंटरवर नळी योग्य वापरतात, मिसळतातही नीट. गाडं अडतं ते पुढे. नमुन्यांची बॅग संध्याकाळी एकदाच निघते. शनिवारी दिलेला नमुना रविवारी पडून राहतो आणि सोमवारी लॅबला पोचेपर्यंत रक्त कल्चरला लावायची ४८ तासांची मर्यादा जवळपास संपते. सोमवार ते बुधवार, दुपारी उशिरा रक्त द्या, म्हणजे ते बहुधा २४ तासांत कल्चरला लागतं. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा थर्मोकोलचा डबा हवाच. बर्फाची पिशवी मात्र नळीला थेट टेकता कामा नये, कारण गोठलेल्या पेशी फुटतात. १८ ते २५ अंश हे तापमान बरं. इथे डबा मागितल्यावर देतात, आपणहून देत नाहीत. हा दोष त्यांनी लवकर सुधारावा, कारण नमुना वाया गेला तर तीन-चार आठवडे जातात आणि त्या घरात तोवर कुणाला झोप लागत नाही.

वाय-मायक्रोडिलीशनचं तसं नाही. तिथे डीएनए हवा, जिवंत पेशी नाही. ईडीटीएमधलं रक्त ४ अंशांवर काही दिवस टिकतं, त्यामुळे बसचा उशीर सोसवतो. रिपोर्टमध्ये वाय गुणसूत्रावरच्या, शुक्राणू बनायला लागणाऱ्या एझेडएफ ए, बी आणि सी या प्रत्येक भागाचे दोन, असे सहा मार्कर (तपासायच्या खुणा) असतात. सोबत एसआरवाय आणि झेडएफएक्स-झेडएफवाय ही नियंत्रणं, म्हणजे तपासणी नीट झाली का ते पडताळणारी जनुकं. या सेंटरच्या रिपोर्टमध्ये हे सगळं छापलेलं होतं, ही मोठी जमेची बाजू. वृषणातून शुक्राणू काढायच्या शस्त्रक्रियेआधी ही तपासणी व्हायलाच हवी. ए किंवा बी भाग पूर्ण गळालेला असेल तर शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास नसते. सी गळालेला असेल तर साधारण निम्म्या रुग्णांत मिळतात, पण तोच दोष मुलग्यात उतरतो आणि हे जोडप्याला आधी सांगायला हवं.

कॅरियोटाइपच्या रिपोर्टमध्ये किती पेशी मोजल्या ते पाहा. नेहमीच्या २० ठीक, पण ४७,एक्सएक्सवायचं (एक एक्स गुणसूत्र जास्त) मोझेइक, म्हणजे काहीच पेशींत तो दोष, असण्याची शंका असेल तर ३० ते ५० मोजाव्या लागतात. सेंटरच्या फॉर्मवर शंका लिहायला जागाच नाही. वर कोपऱ्यात हाताने लिहा. ९ क्रमांकाच्या गुणसूत्रातलं नेहमीचं इन्व्हर्शन (एक तुकडा उलटा बसलेला) दिसलं म्हणून घाबरू नका, तो सर्वसाधारण फरक मानला जातो.

हार्मोनसाठी सेंटर सकाळी लवकर उघडतं, हे उत्तम. टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त उपाशीपोटी, सकाळी दहाच्या आत द्यायचं. केसांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या चालू असतील तर निदान दोन दिवस बंद ठेवा. काही मशीनांवर बायोटिनमुळे एफएसएच-एलएच (वृषणाला चालना देणारी हार्मोन) खोटं कमी आणि टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त येतं; बाहेरून स्टेरॉइड घेतल्यासारखं चित्र दिसतं आणि रुग्णावर नाहक संशय येतो. काउंटरवर हा प्रश्न कुणी विचारत नाही. तुम्हीच सांगा.

संशोधनाचे नमुने देणाऱ्यांनी नळीवर नाव न टाकता कोड टाकायचा आग्रह धरावा. सेंटरचं सॉफ्टवेअर नाव मागतं, पण आधी बोलून ठेवलं तर कोड स्वीकारतात. नैतिकता समितीची परवानगी आणि सहभागी व्यक्तीची सही हे रक्त काढण्याआधीचं काम. सीरम वेगळं करून छोट्या नळ्यांत उणे ८० अंशांवर ठेवायची सोय इथे नाही, त्यासाठी महाविद्यालयाचा फ्रीझर आधीच ठरवून ठेवा.

पैसे भरण्याआधी एकच गोष्ट लेखी घ्या: कल्चर वाढलं नाही तर दुसरा नमुना फुकट. इथे विचारल्यावर पावतीवर लिहून देतात.