सोरतापवाडीची नर्सरी, अंगणासाठी झाड घ्यायचं असेल तर

पुणे-सोलापूर रोडला सोरतापवाडी उरुळीकडे ओळीने नर्सऱ्या आहेत, त्यातल्या एका मोठ्या नर्सरीचा हा रिव्ह्यू. व्हरायटी जबरदस्त, बकुळ, पारिजातक, सोनचाफा, कलमी केसर आंबा, सगळं एका जागी, आणि रोपं पण तजेलदार. पण काउंटरवरचा माणूस आधी कोनोकार्पस हे विदेशी शोभेचं झाडच गळ्यात मारायला बघतो, "साहेब पटकन वाढतं, मेंटेनन्स नाही." अहो पण गुजरात सरकारने 2023 ला त्याच्या लागवडीवर बंदी घातलीय, ते कोण सांगणार?

मागच्या बाजूला कलमं बांधणाऱ्या मावशींना गाठा, खरी माहिती तिथे मिळते. अंगण किती, भिंत किती लांब, पाण्याची टाकी कुठेय, हे सगळं विचारून मग झाड सांगतात. छोट्या अंगणाला पारिजातक किंवा कडीपत्ता, थोडी जास्त जागा असेल तर बकुळ, हळू वाढते पण वर्षभर हिरवी. गुलमोहर घराजवळ नकोच म्हणाल्या, मुळं वरवर पसरतात आणि वादळात फांद्या मोडतात. सप्तपर्णीचं पण तेच, पावसाळा संपला की फुलते आणि तो उग्र वास खिडकीपाशी सहन होत नाही (आमच्या सोसायटीला विचारा).

आंब्याचं कलम घेताना जोड (कलम जिथे बांधलंय ती जागा) नीट भरलाय का बघून घ्या, आणि लावताना तो मातीच्या वर राहिला पाहिजे. मुळं पिशवीत गोल गोल गुंडाळलेली असतील तर सरळ दुसरं मागा, बदलून देतात. रेट ठीक, घासाघीस चालते, पार्किंगची मात्र बोंब. चार स्टार, त्यातले तीन मावशींचे.