दारूबंदीच्या राज्यातून इंग्रजी पबमध्ये

मुलांकडे इंग्लंडला जाणाऱ्या बडोद्यातील मराठी मंडळींच्या यादीत लंडनचे राजवाडे आणि वस्तुसंग्रहालये असतात, पब मात्र बहुधा नसतो. 1960 मध्ये गुजरात राज्य झाले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे. त्यामुळे दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात वाढलेल्या माणसाच्या लेखी पब हा आडोशाचा आणि जरासा बदनाम प्रकार ठरतो. आमचे चिरंजीव लेस्टरजवळच्या एका छोट्या गावात राहतात. तेथील मुख्य रस्त्यावर देशभर शाखा असलेल्या एका साखळीचा पब आहे आणि त्या मुक्कामात मी व माझे यजमान तेथे बरेचदा जाऊन बसलो. माझे मत आरंभीच सांगते: बसण्यासाठी ही जागा उत्तम आहे, खाण्यासाठी बेताची. मी मद्य घेत नाही आणि शाकाहारी आहे, यजमानांना दोन्ही चालते. पुढील मजकूर त्या हिशेबाने वाचावा. साखळीचे नाव देत नाही, कारण एका शाखेच्या उणिवा साऱ्या साखळीच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही.

साखळी पब हा प्रकार आज इतका रुळला आहे की तो नेहमीच असा होता असे वाटावे. पूर्वी इंग्लंडमधील बहुसंख्य पब बिअर गाळणाऱ्या कारखान्यांच्याच मालकीचे असत, आणि ते चालवायला घेणाऱ्या माणसाला त्या कारखान्याचीच बिअर विकावी लागे. 1989 मध्ये सरकारने मोठ्या कारखान्यांच्या या मक्तेदारीवर मर्यादा घातली, तेव्हा हजारो पब विक्रीला निघाले आणि ते निव्वळ पब बाळगणाऱ्या कंपन्यांच्या हाती गेले. त्याआधीच, 1979 मध्ये, टिम मार्टिन यांनी उत्तर लंडनच्या मसवेल हिल भागात एक पब उघडला होता. त्याचीच पुढे वेदरस्पून ही साखळी झाली आणि आज तिचे सुमारे आठशे पब आहेत. बंद पडलेली चित्रपटगृहे, बँका आणि टपाल कचेऱ्या घेऊन त्यांत पब थाटायचा, संगीत वाजवायचे नाही, दर कमी ठेवायचे आणि सकाळच्या न्याहारीपासून दार उघडे ठेवायचे, अशी या साखळीची रीत आहे. प्रत्येक पबसाठी ती वेगळ्या नक्षीचा गालिचा विणून घेते.

आम्ही ज्या पबमध्ये जात होतो तोही एका जुन्या बँकेच्या इमारतीत आहे. उंच छत, त्यावरचे चुन्याचे नक्षीकाम आणि रोखपालाच्या खिडकीच्या जागी आलेला लांबलचक लाकडी बार, हे सारे जपलेले आहे. भिंतींवर गावच्या जुन्या बाजाराची छायाचित्रे लावलेली आहेत. ती पाहण्यात आमची पहिली सकाळ गेली. मुख्य रस्त्यावरची एक देखणी इमारत त्यामुळे वापरात राहिली, ही गोष्ट मी या पबच्या खात्यावर नक्की जमा करीन. आपल्याकडे मांडवीच्या आसपास जुन्या वाड्यांचे काय होते ते रोज पाहणाऱ्याला हे अधिकच जाणवते.

आत गेल्यावर कोणी स्वागताला येत नाही आणि टेबलावर विचारायलाही येत नाही, याचा आपल्या माणसांना प्रथम राग येतो. रीत अशी आहे की आपण टेबल निवडायचे, त्यावरचा क्रमांक ध्यानात ठेवायचा, बारपाशी जाऊन मागणी सांगायची आणि पैसे तेथेच आधी चुकते करायचे. पेय आपण स्वतः उचलून आणायचे. जेवण टेबलावर येते. बारपाशी रांग अशी नसते, माणसे नुसती बारला टेकून उभी असतात. परंतु कोण आधी आले हे बारमागच्या मुलीला नेमके ठाऊक असते आणि दुसऱ्याचा नंबर आपल्याला चुकून मिळालाच तर ‘यांचा आधी’ असे सांगणे हा शिष्टाचार आहे. मोबाइलच्या ॲपवरूनही मागवता येते, पण माझ्या मते पहिल्या खेपेला बारपाशी जावे. बक्षिशी देण्याची तेथे प्रथा नाही; यजमानांनी सुटे पैसे ठेवले, तेव्हा ती मुलगी ते परत द्यायला आमच्या मागे आली.

मापाच्या बाबतीत इंग्रजांचा काटेकोरपणा वाखाणण्याजोगा आहे. नळाची बिअर पाइंटात, म्हणजे 568 मिलिलिटरच्या ग्लासात मिळते, किंवा अर्ध्या, एक तृतीयांश वा दोन तृतीयांश पाइंटात. अन्य मापाने ती विकणे कायद्यात बसत नाही. व्हिस्की, जिन, रम आणि व्होडका 25 किंवा 35 मिलिलिटरच्या पटीतच द्यावी लागते आणि पबमध्ये त्यांतले कोणते माप चालते ते लिहून लावावे लागते. यजमानांनी हातपंपाने ओढलेली बिअर अर्धा पाइंट घेतली. ती पिंपातच मुरत असते, तळघरातल्या गारव्याइतकीच थंड असते आणि तिला फेस बेताचाच असतो. बर्फासारख्या बिअरची अपेक्षा ठेवणाऱ्याला ती कोमट वाटेल. पहिल्या घोटाला त्यांनी तोंड वाकडे केले, पुढे मात्र तीच मागवू लागले. न पिणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. साधे पाणी मागितल्यास ते विनामूल्य देणे परवानाधारक जागांवर बंधनकारक आहे, त्यामुळे बाटलीबंद पाण्यावर पैसे घालवू नयेत. चहा-कॉफीचे एकदाच पैसे देऊन कप पुन्हा पुन्हा भरून घेता येतो आणि माझ्या दृष्टीने या पबमधील सर्वांत किफायतशीर वस्तू तीच आहे.

या कपाच्या आधाराने सकाळी तेथे जी मंडळी बसतात, त्यांच्यामुळेच मला ही जागा आवडली. निवृत्त गृहस्थ वर्तमानपत्र उघडून बसतात, दोघी-तिघी वृद्धा बाजारहाट आटोपून पिशव्या पायाशी ठेवतात, एखादी तरुण आई बाळगाडी घेऊन कोपरा धरते. त्यांतील फार थोड्यांपुढे मद्य असते. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात 1910 मध्ये मोफत वाचनालयांची जी चळवळ सुरू केली, तिच्यातून आलेल्या वाचनकक्षात जशी माणसे बसतात आणि त्यांना कोणी उठवत नाही, तसेच काहीसे येथे आहे. फरक इतकाच की येथे बोलायला मुभा आहे. दुसऱ्या आठवड्यापासून एक आजोबा आम्हाला पाहून मान हलवू लागले आणि नंतर क्रिकेटवर बोलू लागले. मोठ्या थंडीत, घर तापवण्याचा खर्च वाचवून एका कपाच्या मोलात उबेत बसता येते, हेही कारण असावे. पण म्हणून त्या गप्पांचे मोल कमी होत नाही.

आता खाण्याविषयी. पदार्थांची यादी छापील, साऱ्या शाखांना सामाईक आणि लांबलचक आहे. प्रत्येक पदार्थासमोर उष्मांक दिलेले असतात, कारण अडीचशे किंवा अधिक कर्मचारी असलेल्या व्यवसायांना 2022 च्या एप्रिलपासून इंग्लंडमध्ये तसे बंधन आहे. शाकाहारी पदार्थांवर खूण असते, तरी एवढ्यावर विसंबू नये. बटाट्याचे चिप्स आणि मासे एकाच तेलात तळले जातात का, हे विचारावेच लागते. आम्ही विचारले तेव्हा उत्तर ‘हो’ असे आले आणि चिप्सऐवजी सालीसकट भाजलेला अखंड बटाटा, त्यावर टोमॅटोच्या रसातील शिजवलेला घेवडा आणि चीज, असे मला मिळाले. तो पदार्थ साधा, पोटभरीचा आणि प्रामाणिक होता. यजमानांचा मासा वरून कुरकुरीत होता, परंतु सोबतच्या वाटाण्याच्या लगद्यात मीठसुद्धा नव्हते. बहुतेक पदार्थ मागवल्यापासून इतक्या थोड्या वेळात येत की ते तेथे रांधले जातात असे म्हणवत नाही. बाहेरून तयार आलेले गरम करून वाढण्याचीच ती चव होती. दोघांचे जेवण, अर्धा पाइंट आणि चहा मिळून बिल पंचवीस पौंडांच्या आत राहिले. त्या गावातील स्वतंत्र पबमध्ये एवढ्यात भागले नसते, मात्र तेथील भाजीची पाय, म्हणजे वर खरपूस पारी असलेले सारण, स्वयंपाकघरात केलेले होते आणि ते याहून कितीतरी सरस होते. रुपयांत गुणाकार केला तर घास घशाखाली उतरणार नाही, म्हणून तो करू नये.

उणिवांपैकी एक ज्येष्ठांनी आधीच जाणून घ्यावी: स्वच्छतागृह वरच्या मजल्यावर आहे आणि जिना लांबचा आहे. अपंगांसाठी खाली वेगळी सोय आहे, पण तिची किल्ली बारपाशी मागावी लागते. गुडघे दुखत असतील तर संकोच न करता मागावी. दुपारी टेबले चिकट असतात, कारण पुसणारी माणसे कमी पडतात. बारच्या बाजूला लुकलुकणारी जुगाराची यंत्रे आहेत, ती डोळ्यांना खुपतात. 2007 पासून इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपान बंद असल्याने आतली हवा चांगली असते, मात्र दाराबाहेरचा धूर ओलांडून आत जावे लागते. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री तरुणांची गर्दी व आवाज एवढा वाढतो की आमच्या वयाच्या माणसांनी तिकडे फिरकू नये. आठवड्यातील सकाळ किंवा दुपारी तीनच्या सुमाराची वेळ चांगली. नातवंडे बरोबर असली तरी तेव्हा अडचण येत नाही.

आठवड्यातून एका रात्री तेथे करीचा बेत असतो आणि भारतीय पाहुण्याला तो आवर्जून सुचवला जातो. भात, नान, पापड आणि आंब्याची गोड चटणी असे भरलेले ताट येते, पण त्यातील रस्सा गोडसर आणि फोडणीविना असतो. मसाल्याची आठवण झालीच तर बस धरून लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर जावे. 1972 मध्ये युगांडातून घालवून दिलेल्या गुजराती कुटुंबांपैकी बरीच लेस्टरला स्थिरावली आणि त्या रस्त्यावर फरसाणापासून साड्यांपर्यंत सारे मिळते. करीच्या रात्री पबमध्ये जायचेच असेल तर चहा घ्यावा.