लग्नाची छायाचित्रे, महिनाअखेरचा हिशोब आणि वटवायचा राहून गेलेला धनादेश

पुण्यातल्या एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात ११ वर्षे काम केल्यानंतर जून २०२२ मध्ये मी नोकरी सोडली आणि लग्नाची छायाचित्रे काढण्याचा स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. पहिल्याच लग्नसराईत लग्नसमारंभांच्या एका नियोजकाने माझे २,३५,००० रुपये बुडवले. हे तपशिलाने लिहितो आहे, कारण त्याची पद्धत नुकतीच नोकरी सोडलेल्या माणसाला ओळखू येत नाही. किंबहुना ती अशाच माणसासाठी बेतलेली असावी, असे आता वाटते.

या धंद्यात पैशांची रीत साधी असते: तारीख पक्की करताना आगाऊ रक्कम, लग्नाच्या दिवशी मोठा हप्ता आणि अल्बम हातात देण्यापूर्वी उरलेली बाकी. ही रीत मला ठाऊक होती. पण चातुर्मास सरत आला तरी हातात एकही ऑर्डर नव्हती, कॅमेऱ्याच्या कर्जाचा हप्ता सुरू झाला होता, आणि तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होताच या नियोजकाचा फोन आला. कुटुंबांशी बोलणी, एडिटिंग आणि अल्बम तो पाहणार होता. मी फक्त कॅन्डिड, म्हणजे पोज न देता सहज टिपलेली, छायाचित्रे काढायची, कार्य उरकल्यावर त्याच रात्री सगळा डेटा त्याच्या माणसाकडे द्यायचा आणि पैसे महिनाअखेरीस एकदम घ्यायचे. मुरलेला छायाचित्रकार ही अट ऐकून तिथेच थांबला असता. मला मात्र ती ओळखीची वाटली. ११ वर्षे मी महिनाभर आधी राबत होतो आणि पगार नंतर घेत होतो, त्यामुळे काम आधी आणि पैसे मागाहून हे माझ्या अंगवळणी पडले होते. महिनाभराचे आपले काम ही मालकाला दिलेली उधारीच असते, आणि ती परत मिळण्यामागे नेमणूकपत्र आणि कामगार कायदे उभे असतात, हे नोकरीत असताना कधी जाणवले नव्हते. इथे माझ्यामागे काहीच उभे नव्हते, साधा करारही नव्हता.

एक साखरपुडा आणि दोन लग्ने, एवढी पहिली कामे झाली. त्यांचे पैसे ठरल्याप्रमाणे, एकदा तर दोन दिवस आधीच, खात्यात जमा झाले. विश्वास बसला तो त्या तीन वेळांमुळे. मग फेब्रुवारी ते मे २०२३ या काळात मुळशी, लोणावळा आणि वाई परिसरातली नऊ लग्ने मी केली, प्रत्येकी ३५,००० रुपयांना. त्यातून सोबतचा दुसरा छायाचित्रकार, ड्रोनवाला आणि भाड्याची लेन्स यांचे पैसे मीच द्यायचे होते, आणि ते मी त्याच रात्री रोख देत असे, कारण त्यांच्यापैकी कोणीही पैसे घेतल्याशिवाय बॅग गाडीत ठेवत नसे. बाजाराची खरी रीत दर लग्नाच्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर चालली होती आणि मी ती फक्त त्यांच्यापुरती पाळत होतो.

नऊ लग्नांच्या ३,१५,००० रुपयांपैकी नियोजकाने ८०,००० चुकते केल्याचे दाखवले. प्रत्यक्षात ७२,००० दिले आणि ८,००० टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, म्हणून कापले. जून महिन्यात मी आयकर संकेतस्थळावर फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावे जमा झालेल्या कराचा उतारा, उघडला तेव्हा त्यात त्याच्याकडची एकही नोंद नव्हती. तो कर सरकारकडे भरलाच गेला नव्हता. ज्याची उमेदीची वर्षे आकडे जुळवण्यात गेली, त्याने हे तपासायला इतका उशीर करावा, याचे वाईट मला आजही वाटते.

उरलेल्या २,३५,००० रुपयांसाठी त्याने ५ जून २०२३ या तारखेचा धनादेश दिला, आणि बरोबर एक विनंतीही केली: खात्यात पैसे आले की कळवतो, तोवर भरू नका. पुढे प्रत्येक फोनवर तो अदबीने पुढच्या सोमवारचा वायदा करत राहिला आणि येत्या हंगामाच्या ११ तारखा माझ्यासाठी राखून ठेवल्याचे सांगत राहिला. धनादेश भरून तो परत आला तर त्या तारखा जातील, या भीतीने मी थांबलो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने फोन उचलणे बंद केले, आणि मी बँकेत गेलो तेव्हा मुदत उलटून सहा दिवस झाले होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ एप्रिल २०१२ पासून धनादेश तारखेपासून तीनच महिने चालतो. तो मुदतीत भरून न वटता परत आला असता, तर बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस देता आली असती, आणि १५ दिवसांत पैसे न मिळाल्यास धनादेशांना लागू होणाऱ्या परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करता आली असती. तीन महिने गोड बोलण्याचे कारण मला वकिलांच्या कचेरीत कळले.

पोलीस ठाण्यात हा दिवाणी स्वरूपाचा वाद असल्याचे सांगण्यात आले. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी बुडवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता हे दाखवावे लागते, आणि माझ्याकडे तर वेळेवर मिळालेल्या तीन रकमांचीच नोंद होती. चौकशी करता आणखी दोन छायाचित्रकार भेटले. दोघेही नोकरी सोडून आलेले, दोघांनाही पहिली काही कामे वेळेवर चुकती झालेली. तिघांचे कागद एकत्र जोडून आम्ही पुन्हा अर्ज दिला.

छायाचित्रांवर तरी माझा हक्क असेल अशी माझी समजूत होती, तीही चुकीची निघाली. प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढायला सांगितलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढायला सांगणारा असतो. वाईच्या वधूपित्यांनी नियोजकाला सगळे पैसे आधीच दिले होते आणि त्यांनाही अल्बम मिळाला नव्हता. माझ्या कॅमेऱ्यातल्या दुसऱ्या कार्डावर त्या लग्नाची प्रत राहिली होती, ती मी त्यांना नेऊन दिली. मंगलाष्टकांच्या वेळची अंतरपाटामागची मुलगी पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता मी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली आहे. ती विनामूल्य होते, आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. मात्र माझी नोंदणी कामानंतरची होती, त्यामुळे जुन्या बाकीसाठी मला तिचा उपयोग झाला नाही. नियोजकाकडून काम घेतले तरी लेखी करार करतो, निम्मी रक्कम आधी घेतो आणि पूर्ण पैसे जमा होईपर्यंत मूळ डेटा देत नाही. या अटींमुळे काही ऑर्डर हातच्या गेल्या आहेत.

बाकी रकमेसाठी तीन वर्षांच्या मुदतीत मी दिवाणी दावा लावला आहे. ‘सांगेपर्यंत भरू नका’ असे म्हणून दिलेला धनादेश कोणाच्या कपाटात पडून असेल, तर त्यांनी त्यावरची तारीख आजच पाहावी.