टँकवरचे सात महिने: लेडीज बॅच, गुडघे आणि बंद शॉवर

महापालिकेच्या पोहायच्या टँकवर सात महिने जाते आहे, तेव्हा अभिप्राय द्यायचा हक्क झाला. टँक पुण्यातलाच. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि तिथल्या जीवरक्षक मुलीला उगाच वरून बोलणी बसायला नकोत.

मी सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातली. पाठीला डबा बांधून काकांनी विहिरीत ढकललं, चौथ्या दिवशी डबा सुटला, त्या उन्हाळ्यात मुटके मारून मारून डोळे लाल. पुढे 31 वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसून काढली. निवृत्त होईतो दोन्ही गुडघे बोलायला लागले होते. डॉक्टर म्हणाले चाला, पण चाललं की संध्याकाळी सूज. मग म्हणाले पाण्यात जा. आमच्या ह्यांनी लगेच मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण दिलं: 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अधू झालेला माणूस उपचार म्हणून पाण्यात उतरला आणि 1972 साली पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक घेऊन आला. म्हटलं, मला फक्त जिना चढायचाय.

पहिल्या दिवशी 25 मीटरची एक फेरी मारली आणि कठड्याला धरून पाच मिनिटं धापा टाकत उभी. विहिरीत दिवसदिवस डुंबणारी ती मुलगी कुठे गेली कळेना! पण पाण्याची गंमत अशी की कमरेएवढ्या पाण्यात अंगाचं निम्मंच वजन पायांवर येतं, छातीपर्यंत गेलं की आणखी कमी. जमिनीवर चार पावलांत कुरकुरणारा गुडघा तिथे गप्प. पहिले पंधरा दिवस मी पोहण्यापेक्षा पाण्यात चाललेच जास्त. पाण्याचा रेटा कापत चालायचं म्हणजे मांड्यांना भरपूर व्यायाम.

नंतर पोहायला लागले आणि गुडघा पुन्हा ठणकायला लागला. पाण्यालाच दोष देणार होते, तेवढ्यात काठावरून जीवरक्षक मुलगी ओरडली, "काकू, बेडकासारखे पाय फेकू नका, गुडघा आतून ताणला जातोय. सरळ पाय मारा, कमरेपासून!" विहिरीतलं पोहणं सगळं बेडकाचंच, त्यामुळे क्रॉल, म्हणजे सरळ पाय मारत पोहणं, शिकायला महिना गेला. नाकात किती पाणी गेलं त्याचा हिशोब नाही. ह्या मुलीला माझ्याकडून पाचपैकी पाच.

आता 16 फेऱ्या होतात, म्हणजे 400 मीटर, मध्ये थांबत थांबत. बॅच 45 मिनिटांची. कपडे, गप्पा वगळून 30 मिनिटं पोहणं धरलं तरी पाच दिवसांत 150 मिनिटं भरतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान तेवढाच व्यायाम सांगते. दोन मजले न थांबता चढते, झोप गाढ लागते. बीपीची गोळी चालूच आहे, ती बंद होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. वजन फक्त दीड किलो उतरलं, कारण पाण्यातून बाहेर आलं की भूक खवळते आणि फाटकाबाहेरच वडापावची गाडी. हाडांसाठी पोहणं पुरत नाही हेही डॉक्टरांनी बजावलंय: पाण्यात भार पडत नाही ना, म्हणून आठवड्यातून तीनदा जिना आणि हलकी वजनं.

आता तक्रारी. लेडीज बॅच सकाळी 11 ला. नोकरीवाल्या बायकांनी यायचं कधी? एप्रिल-मेमध्ये मुलांच्या शिबिरामुळे तीही अर्ध्या टँकवर. त्याहून वाईट म्हणजे आत जाण्याआधीचा शॉवर. तीनपैकी दोन बंद, तिसऱ्याला धार बोटाएवढी. मग बायका कोरड्याच उतरतात, डोक्याला तेल लावलेल्यासुद्धा. डोळे झोंबले की सगळ्या म्हणतात, आज क्लोरिन जास्त टाकलंय. खरं तर तो उग्र वास क्लोरिनचा घाम-लघवीशी संयोग झाला की येतो. म्हणजे वास आपलाच! मी घरून डोकं धुऊन, ओल्या केसांवर टोपी घालून जाते. ओल्या केसांत टँकचं पाणी कमी शिरतं. पोहायचा चष्मा मात्र हवाच.

पाणी स्वच्छ आहे, हे कबूल करते. खोल बाजूला तळाची काळी पट्टी स्पष्ट दिसते, आणि ती दिसली नाही तर मी उतरत नाही.

परवा खोल बाजूला कुणी नव्हतं. उड्या मारायला मनाई असल्याची पाटी डोक्यावरच होती. इकडेतिकडे बघितलं, गुडघे पोटाशी घेतले आणि दिला मुटका. वर आले तोवर शिट्टी वाजत होती, आणि शिट्टी वाजवणारीच हसत होती.