आजोबांच्या मागाची फळी मी कुणाच्या हाती दिली

मी सोलापुरात लाकडाच्या अंगठ्या करते. असं काम करणाऱ्यांनी आणि घरातलं जुनं लाकूड अंगठीसाठी कुणाला देणाऱ्यांनीही हे वाचावं, म्हणून लिहिते आहे. माझे ३,६०० रुपये गेले, ते मी भरून काढीन. पण लाकूड गेलं ते पुन्हा मिळणारं नाही, आणि ते माझं नव्हतं.

सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका घरात आजोबांचा खड्डामाग, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून विणायचा हातमाग, होता. ते गेल्यावर माग मोडला, पण आजींनी त्यांच्या पायाखालची फळी तेवढी जपून ठेवली. नातवाचं लग्न ठरलं तेव्हा त्याला दोघांच्या अंगठ्या त्याच फळीतून हव्या होत्या. वर्षानुवर्षं पाय घासून फळीला मधोमध खळगा पडलेला. खड्ड्यातल्या ओलीने एक बाजू पार कुजलेली, नख लावलं तरी भुसा पडायचा. आजींनी ती जुन्या पंच्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "जपून कर गं बाई."

असं लाकूड नुसतं लेथवर धरलं तर तुकडे उडतात. अंगठी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची. घामाने, हात धुतल्याने ती फुगते आणि तडकते. म्हणून आधी लाकूड स्टॅबिलाइज करतात. पूर्ण कोरड्या लाकडातली हवा व्हॅक्यूमने काढायची, तिथे पाण्यासारखं पातळ रेझिन (तापवलं की कडक होणारा द्रव) शिरू द्यायचं आणि मग ९०-९५ अंशांच्या आसपास भट्टीत ते कडक करायचं. माझ्याकडे तेव्हा व्हॅक्यूम पंप नव्हता.

ऑनलाइन एक माणूस सापडला. "ताई, मी सोलापूरचाच, एमआयडीसीत वर्कशॉप आहे." एका ठोकळ्याचे ६०० रुपये, फळीचे सहा ठोकळे, सगळे पैसे आधी. वर्कशॉप बघायला येते म्हटलं तर "केमिकलचा वास असतो, बाहेरच्यांना आत घेत नाही" म्हणाला. सात रस्त्यावर येऊन ठोकळे घेऊन गेला. मधे एक व्हिडिओ पाठवला. काचेच्या भांड्यात लाकडातून बुडबुडे निघतायत आणि हवा किती काढली ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा ७६० वर. तो व्हिडिओ बघून माझा पुरता विश्वास बसला.

तो काटा मी तेव्हाच नीट बघायला हवा होता. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे. इथे हवेचा दाबच पाऱ्याच्या ७२० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि मीटर त्याहून जास्त हवा काढलेली दाखवूच शकत नाही, त्यामुळे पंप कितीही भारी असला तरी काटा तिथेच थांबणार. ७६० दाखवतोय म्हणजे एक तर मीटर खोटं, नाही तर व्हिडिओ इथला नाही.

आठ दिवसांनी ठोकळे परत आले. काचेसारखे चकचकीत होते, मला आनंदच झाला. पहिला ठोकळा करवतीने कापला तर वरचा जेमतेम एक मिलिमीटर चिकट, पिवळसर थर आणि आत तोच कोरडा भुसा. कापलेल्या बाजूवर पाण्याचा थेंब टाकला. क्षणात आत जिरला आणि काळा डाग पसरला. वरून नुसतं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून लावायचं रेझिन, फासलं होतं. इपॉक्सी दाट असतं, आणि कालवल्यावर थोड्याच वेळात घट्ट व्हायला लागतं. ते लाकडाच्या गाभ्यात जात नाही.

मग वही काढली. देताना वजन करायची सवय आहे म्हणून आकडा होता. सहा ठोकळे मिळून १८६ ग्रॅम. परत आले ते २०३ ग्रॅम. इतकं कुजकं, हलकं लाकूड रेझिन खरंच प्यायलं तर वजन दीडपट, कधी दुप्पट होतं. ठोकळे हातात आले त्याच दिवशी तराजू काढला असता तर करवत लावायच्या आधी कळलं असतं.

फोन केला तर म्हणाला, "लाकूडच तेलकट आहे, ताई." तेलकट, घट्ट लाकूड रेझिन कमी पितं हे खरं आहे, पण भुसा झालेल्या लाकडाला ते कसं लागू होईल? वाळवलं कसं विचारलं तर उत्तर आलं, "सोलापूरचं ऊन आहे की! भट्टी कशाला?" ऊन कितीही कडक असलं तरी लाकडात थोडी ओल राहतेच. १०५ अंशांवर चोवीस तास ठेवून, वजन घटायचं थांबलं की मगच ते कोरडं धरतात, आणि थंडही बंद पिशवीत करतात. एवढं बोलले तर त्याने मला ब्लॉक केलं.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. पैशाचा स्क्रीनशॉट, चॅट, वजनाची नोंद, सगळं दिलं. तुमच्या बाबतीत झालं तर त्याच दिवशी फोन करा, मी चार दिवस तो परत बोलेल म्हणून वाट बघण्यात घालवले. आणि लाकूड देताना सगळं देऊ नका. आधी त्याच जातीचा एक बिनमोलाचा तुकडा द्या, रेझिनमध्ये रंग घालून करायला सांगा आणि मधून कापून बघा. रंग गाभ्यापर्यंत दिसला तरच पुढचं.

मी फळीचा दोन बोटांएवढा तुकडा मागे ठेवला होता. पंप घेतला, ओळखीच्या एका सुताराच्या लाकडावर तीनदा करून बघितलं, मग तो घातला. त्यातून एकच अंगठी निघाली. आजींना सगळं खरं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग अंगठी हातात घेऊन त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "सुनेला दे."

परवा तोच व्हिडिओ दुसऱ्या नावाने परत दिसला. काटा ७६० वरच आहे.