खरेदीखत झालं, पण बांधकाम परवानगी मिळेना

शेतजमिनीत प्लॉट पाडून घरासाठी विकण्याच्या फसवणुकीत बहुतेकदा एकही कागद खोटा नसतो. शेतात चुन्याच्या रेषा, सिमेंटचे खांब, मुरमाचा रस्ता आणि 'यलो झोनला लागून, एनए प्रस्तावित' असा फलक. यलो झोन म्हणजे नकाशात पिवळ्या रंगाने दाखवलेला निवासी विभाग, एनए म्हणजे बिनशेती. खरेदीखत नोंदतं, फेरफार होतो, सातबाऱ्यावर नाव चढतं. पुढे बांधकाम परवानगी मागितल्यावर कळतं की गट शेती विभागात आहे. 'प्रस्तावित'चा अर्थ फार तर कुणीतरी अर्ज केलाय. आणि दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, झोन बघणं त्याचं कामच नाही.

सगळ्यात चलाख प्रकार सामाईक सातबाऱ्याचा. तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचा छोटा तुकडा नोंदता येत नाही, म्हणून दहा अनोळखी माणसांना मिळून एक एकर एकाच दस्ताने विकतात. प्रत्येकाला चार गुंठे बोटाने दाखवले जातात. कायद्याने मात्र सगळी जमीन दहाही जणांची, अविभक्त. शिवाय हिशेबच जुळत नाही. रीतसर रेखांकनात (प्लॉट पाडण्याच्या नकाशात) रस्ते आणि १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, मग ४० गुंठ्यांत चार-चार गुंठ्यांचे दहा प्लॉट बसणार कुठे?

'आता एनए लागतच नाही,' हे एजंटचं ठरलेलं उत्तर. अर्धं खरं आहे. अंतिम विकास आराखड्यात जो वापर दाखवलाय, त्यासाठी ठरलेली रक्कम भरून जमीन अकृषिक मानली जाते. आराखड्यात शेती असेल तर घरासाठी ही सवलत उपयोगाची नाही.

विसार देण्याआधी गट नंबर घेऊन नगररचना कार्यालयातून किंवा नियोजन प्राधिकरणाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा स्वतः काढा, एजंटने दिलेली झेरॉक्स चालवू नका. नकाशा प्रारूप आराखड्याचा आहे की मंजूर, ते वाचा. एकाच गटाचा अर्धा भाग निवासी, अर्धा शेती असू शकतो. पिवळ्या रंगातही बागेचं आरक्षण किंवा डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, निघतो. रेखांकन मंजूर आहे म्हणतात तेव्हा तात्पुरतं की अंतिम, हे विचारा, आणि मोजणीची 'क' प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) त्याच्याशी ताडून बघा. एकरभर जमिनीत दहा प्लॉट पाडून विकताना महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांकही लागतो.

विसारपावतीत 'झोन दाखला निवासी न आल्यास पूर्ण रक्कम परत' असं लिहून घ्या. एजंट एवढ्यावर अडला तर सौदा सोडा.